बिनवातीचं निरांजन

देवावर माझा विश्वास आहे, असं मला सरळ म्हणता येत नाही. रोज त्याच्याशी भांडते, एवढं मात्र खरं. पिंपळगाव राजाच्या आमच्या घरी देव्हाऱ्यात पितळेचा लहानसा बालाजी आहे. त्याला आंघोळ घालताना मी विचारायची, बाबा, एवढ्या मोठ्या गावात तुला मीच सापडले का? मला मिरगी आहे. पहिली फिट सासरी, जानेफळला, भाकरी थापताना आली आणि उजवा हात चुलीत गेला. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. हात बरा झाला, पण सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं ते सोडलंच.

तेव्हापासून विस्तव मला बंद. माय चुलीपुढे बसू देत नाही, उदबत्तीसुद्धा तीच लावते. बाकी सगळ्याची सवय झाली, एका गोष्टीची झाली नाही. भाऊबीजेला धाकट्या भावाला ओवाळायचं, तर माय ताटात निरांजन ठेवायची, पण त्यात वात नसायची. फिट आली आणि पेटतं निरांजन पोराच्या अंगावर पडलं तर, ही तिची भीती. खोटी नव्हतीच ती. पण वर्षानुवर्षं मी भावाला अंधारानेच ओवाळते आहे, असं मला वाटायचं.

भाऊ औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवतो. जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी उगवणाऱ्या एका साध्या झुडपावर त्याचं काम चाललं होतं. झुडपाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझ्यासारखीच कोणीतरी उपटून आणायची. त्या पाल्यात मेंदू शांत ठेवणारं काहीतरी आहे, असं तो सांगायचा. आधी अर्क पाजलेल्या उंदरांना झटका आणून पाहिला, तर बहुतेकांना आलाच नाही, हे त्याने राखीला आला तेव्हा सांगितलं आणि देवाशपथ, मला त्या उंदरांचा हेवा वाटला. मी त्याच्या मागेच लागले. तो म्हणायचा, उंदराला लागू पडलं म्हणजे माणसाला पडेलच असं नाही, अजून बरंच तपासायचं आहे. मी म्हणायची, झाडपाल्याने कोणाचं काय बिघडलंय? ओवाळणीत मला साडी नको, तेच दे.

शेवटी माझ्या रडण्यापुढे त्याचं शिक्षण हरलं. दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी तो आला तो खिशात एक लहान बाटली घेऊन. आत हिरवट काळं पाणी होतं. त्याचा चेहरा उतरलेला होता. फिटच्या रोजच्या गोळीबरोबर थोडे थोडे थेंब घे, मी इथेच आहे, असं म्हणाला. मी बाटली घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली. आमच्याकडे घरात नवं काही आलं, की आधी देवापुढे. नवी ज्वारी असो की नवं लुगडं. उद्या पूजा झाली की घेईन, असं मी सांगून टाकलं. का सांगितलं ते मला आजही कळत नाही. इतके दिवस जिच्यासाठी जीव टाकला ती वस्तू हातात होती, आणि हात आपोआप देव्हाऱ्याकडे गेले.

सकाळी न्हाऊन पूजा केली, बाटलीचं झाकण उघडलं, तेवढ्यात अंगणात भावाचा फोन वाजला. कॉलेजातला त्याचा सोबती सुट्टीतही उंदरांना बघायला जात होता, त्याचाच फोन. भाऊ आत आला तो पांढराफटक. माझ्या हातातली बाटली ओढू लागला, मी सोडेना.

"ताई, सोड ते. तुह्या पाया पडतो."

मग त्याने सांगितलं. काही उंदरांना ते लोक अर्क आणि मी घेते तीच गोळी, असं दोन्ही मिळून देत होते. अर्काने गोळीचा रक्तातला जोरच उतरवला. त्या उंदरांना झटक्यांवर झटके आले आणि काही परत उठले नाहीत.

बाटली न्हाणीत ओतली गेली. बालाजीनं वाचवलं म्हणून मायने हात जोडले. मी जोडले नाहीत. मी रडले, आणि वाचले म्हणून रडले नाही. जीवघेण्या औषधापासून राखायला तू बरोबर वेळेवर आलास, मग खरं औषध द्यायला काऊन येत नाहीस, हेच दिवसभर मनात घोळत राहिलं.

संध्याकाळी मायने भाऊबीजेचा पाट मांडला. ताटात तेच बिनवातीचं निरांजन. मी म्हटलं, मले आज ओवाळायचं नाही. भाऊ पाटावरून उठला, तुपात वात भिजवली, निरांजन पेटवलं आणि परत येऊन बसला. मी मागे सरकले. फिट आली तर, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"येऊ दे. मी खालून धरतो. तू निस्तं फिरव."

ज्याला ओवाळायचं त्यानेच ताट धरलं होतं. माझा भाजलेला हात वर, त्याचे दोन्ही हात खाली. ताट हळूहळू फिरलं. ज्योत थरथरत होती. माझ्या हाताने की त्याच्या, ते कळलं नाही. त्याच्या तोंडावर उजेड पडलेला मी इतक्या वर्षांनी माझ्या ताटातून पाहिला. माय पदर तोंडाला लावून उभी होती.

त्या संध्याकाळी फिट आली नाही. पुढच्या आठवड्यात आली, नेहमीसारखीच. गोळी चालू आहे, भावाचं कामही चालू आहे, आणि चुलीपुढे मला अजून कोणी बसू देत नाही. बरं होण्याचं मागणं मी सोडलेलं नाही. पण बालाजीला आंघोळ घालताना आता ते जुनं भांडण होत नाही. त्याने हात दिला तो देव्हाऱ्यातून की भावाच्या हातांतून, हे विचारायचंही मी सोडलं. एवढंच म्हणते, की बाबा, एकटीच्यानं हे ताट पेलवत नाही. तू खालून धर, मी फिरवते.