लाल चौकटीतल्या वड्या

गुडघेदुखीने झोप उडाली होती, म्हणून वैद्यांनी मला भांगेच्या वड्या दिल्या. चोरून नव्हे, रीतसर चिठ्ठी लिहून. डबीवर हिरवं पान, त्याखाली ठसठशीत ‘आयुर्वेदिक’, आणि लाल चौकटीत ‘भांगयुक्त. वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे. इतरांच्या हाती लागू देऊ नये.’ पान बघून मी निर्धास्त झाले. आयुर्वेदिक म्हटलं की आम्हाला सगळं तुळशीच्या काढ्यासारखंच वाटतं. चौकट वाचून मात्र घाम फुटला. प्रकृतीची काळजी कसली, लोक काय म्हणतील याची! पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि आता सदाशिव पेठेत बाईंच्या घरात भांग!

मग वड्या आवळ्याच्या वड्यांच्या रिकाम्या बरणीत भरल्या. रंगही तसाच तपकिरी. कचरा नेणाऱ्या बायकांनी वाचू नये म्हणून लेबल भिजवून, खरवडून मगच डबी टाकली. केवढी हुशार समजले मी स्वतःला!

कामाला येणाऱ्या मावशी कात्रजहून येतात. “चहाबरोबर त्या बरणीतलं घेत जा हो,” हे मीच त्यांना कधीचं सांगून ठेवलेलं. त्या दुपारी त्यांनी दोन वड्या खाल्ल्या. वर म्हणाल्याही, “आज आवळा कडू लागतोय वो, ताई.” मी नुसतं “हं” केलं. वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे कष्ट कोण घेणार?

दीड तासाने वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन. “तुमच्या मावशी आमच्याकडे पिऊन आल्यात.” धावत गेले. मावशी ओट्याखाली फरशीवर बसलेल्या, डोळे लाल, हात थरथरत होते. “ताई, मी मरती का काय?” काय झालंय ते मला तिथेच कळलं. वैद्यांना फोन केला तो जिन्यात जाऊन, हळू आवाजात. “पाणी द्या, आडवं करा, शेजारून हलू नका. श्वास जड झाला तर लगेच दवाखान्यात न्या,” ते म्हणाले. मग विचारलं, “डबीवर लिहिलं होतं ना?” मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत मावशी सावरल्या. वहिनींनी तोंडावर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मावशी माझ्याकडे वळल्या. “ताई, तुम्ही सांगा की ह्यांना. माझ्या नवऱ्याच्या दारूनं घर बसलं, मी थेंबाला शिवली न्हाई.”

“अहो, चूक माझी आहे,” एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, “ऊन लागलं असेल.”

वहिनी हसल्या. त्याच आठवड्यात जिन्यातली आणखी दोन घरं मावशींच्या हातची गेली. मी कुणाच्याही दारात गेले नाही. लाज वाटते मला, पण तेव्हा वाटली ती भलत्याच गोष्टीची.

मावशी माझ्याकडे अजून येतात. भेटेल त्या बाईला सांगतात, “समद्यांनी काढलं, एकट्या ताईंनी माझ्यावर इस्वास ठेवला.” परवा तर वाकून माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं.