कागदावर ठेवलेले चिरे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तशी मी बडबडी, पोटात काही राहत नाही म्हणून घरी बोलणी खाते. हे मात्र चार वर्षं राहिलं — कसं राहिलं असेल?

वेंगुर्ल्याजवळच्या मच्छीमारांच्या वाडीत मी अंगणवाडी चालवते. पोरांनी धडपडावं, अंग हलवावं म्हणून अंगणात अडथळ्यांची वाट मांडते. जुन्या जाळ्याखालून रांगायचं, टायरांतून उड्या मारायच्या आणि शेवटी माडाच्या ओंडक्यावरून तोल सांभाळत चालायचं. ओंडका हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना चिऱ्याचे दगड लावते.

माझं माहेर होडीवाल्यांचं. होडी वाळूवर ओढताना खाली ओंडके घालतात, ते गडगडतात म्हणूनच होडी वर येते — हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

दुर्वा तेव्हा चार वर्षांची होती. सगळ्यांत धीट. ओंडक्यावर चढली की दोन्ही हात पसरून, हनुवटी वर करून चालायची. माझी फार लाडकी होती ती. आजही आहे.

त्या दिवशी मुख्यसेविका तपासणीला येणार होत्या. वारा सुटला होता, मुलांच्या चित्रांचा मोठा कागद काही केल्या जागेवर राहीना. मी ओंडक्याच्या एका बाजूचे चिरे काढले आणि कागदाच्या टोकांवर ठेवले. मग पोरांना रांगेत सोडलं. दुर्वा पहिली.

ओंडका गडगडला. तिचा हात मोडला.

पण माझी कबुली ही नाही — ही तर चूक झाली. मदतनीस तिला मांडीवर घेऊन बसली होती, पोर कळवळत होतं, आणि मी — मी चिरे परत जागेवर लावत होते. तिची आई मासळीची पाटी टाकून धावत आली. तिने काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, दुर्वाने मध्येच उडी मारली.

आई म्हणाली, “चुकी हिचीच, बाईनू. तुमी कित्याक रडतास?”

हो, मी रडत होते. आणि ते रडणं खरं होतं, याचीच मला जास्त लाज वाटते.

हात जुळला. दुर्वा मात्र पुन्हा ओंडक्यावर चढली नाही. बाजूला उभी राहून टाळ्या वाजवायची.

आता ती तिसरीत आहे. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायला येते. परवा तो ओंडक्यावर चढला, तर ही त्याचं बोट धरून खालून चालत होती. “उडी मारू नको हां,” ती त्याला समजावत होती. “मी मारलंय म्हणान पडलंय.”

मग तिने माझ्याकडे बघितलं, बरोबर सांगितलं ना, असं.

मी मान डोलावली.