मिठाचं तणीस

टँकर दुसऱ्यांदा परत आला तेव्हा हातातली तेलाच्या नमुन्याची बाटली मी भिंतीवर आपटायचीच बाकी होती. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या कारखान्यात धानाचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवून त्याचं काळं तेल काढायचे. ते हायवेने दूरच्या मोठ्या रिफायनरीत जायचं. तिथे खनिज तेलात थोडं थोडं मिसळून त्याचं डिझेल व्हायचं. निदान व्हायला हवं होतं. पण तिथून एकच शेरा यायचा: क्लोराइड जास्त, पाइप गंजतील, माल परत.

तेल तपासण्याचं काम माझं, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघायचे. जणू क्लोराइड मी घरून डब्यात घालून आणत होते! आणखी एक टँकर परत आला की करार संपणार होता, आणि कराराशिवाय कारखान्याला कुलूप लागणार होतं. रसायनशास्त्र शिकून आपल्याच तालुक्यात काम मिळालेली मी आमच्या गावातली पहिली मुलगी. हे गेलं की बॅग भरून पुण्याला जायचं, दुसरं काय!

मी बोअरचं पाणी तपासलं, टँकर आतून धुऊन घेतला, भट्टीच्या नळ्या तपासल्या. तणीस आमच्याच गावाने दिलेलं, त्याचा संशय मनातही आला नाही. कुठेच काही सापडेना. मॅनेजर रोज विचारायचे, "कुछ मिला क्या?" मिळालं, डोंबल!

तिसरा टँकर निघाला त्या दुपारी मी गावी घरी गेले. बाबा अंगणात तणसाचा ढीग रचत होते. एक थर पसरला की बादलीतलं पाणी त्यावर शिंपडायचे, मग पुढचा थर. मी लहानपणापासून हे बघत आले आहे. त्या दिवशी मात्र पाय जागीच थांबले.

"बाबा, हे कायले टाकून राहिले?"

"मिठाचं पानी. त्याबिगर गाय तोंड लावते का?"

"कारखान्याले देल्लं ते तणीस?"

"तेबी याच ढिगातलं. साऱ्या गावानं असंच देल्लं."

"अहो, शेतात पडलेलं द्यायचं होतं! हार्वेस्टर सोडून जाते ते. तुम्ही ते जाळता ना?"

बाबांना राग आला. "लेकीच्या कारखान्याले शेतातला कचरा देऊ का?"

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि रडूही आलं. चांगलं द्यायचं म्हणून गावाने गायीच्या तोंडचं दिलं होतं, आणि आम्ही त्या मिठासकट तेल काढून रिफायनरीच्या पाइपांत ओतायला निघालो होतो.

लगेच मॅनेजरना फोन लावला. म्हटलं, टँकर परत बोलवा, शेतातल्या तणसाचं तेल काढून पाठवू. ते हसले. "नमक? घास में कोई नमक डालता है क्या?" मी सांगत राहिले, ते हसत राहिले. इतका शिकलेला माणूस, आणि इथल्या एका गोठ्यात कधी डोकावला नाही! टँकर गेला, आणि तसाच परत आला. मिठाचं मी रिफायनरीलाही कळवलं. उत्तर आलं की त्यांनी दुसरीकडून माल घ्यायचं ठरवलं आहे.

कारखान्याला कुलूप लागलं. यंदाचा धान निघाला, शेतांतलं तणीस जळालं, धूर पार हायवेपर्यंत गेला.

आमच्या अंगणात मात्र या वर्षी दोन ढीग आहेत. दुसरा बिनमिठाचा, कारखान्यासाठी. बाबांनी त्यावर ताडपत्रीही घातली आहे. कुलूप उघडणार नाही हे किती वेळा सांगितलं, तर म्हणतात, "राहू दे."

परवा दावं सुटून गाय त्या ढिगापाशी गेली. ताडपत्रीखाली तोंड घालून तिने हुंगलं, आणि वळून आपल्या मिठाच्या ढिगाकडे गेली. बाबा बघत होते. मी आत जाऊन बॅग भरायला घेतली.