गोरक्षचे दोन दिवे

नाशिकरोडला बिटको चौकातून स्टेशनकडे जाताना एका इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर 'मोहिनी फोटो स्टुडिओ' होता. मोहिनी हे मालकाच्या बायकोचं नाव आणि मालक म्हणजे गोरक्ष धनवटे. त्याचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. बाप वीज तयार करतो आणि पोरगा ती लग्नांत उधळतो, असं सोयरे म्हणायचे. गोरक्षला त्याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं.

लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो यांत त्याचं उत्तम चाललं होतं. पण माणसाला एखादी खाज असतेच. गोरक्षला खेळाचा फोटो काढायचा होता आणि त्याखाली पेपरात 'छाया : गोरक्ष धनवटे' असं छापून आलेलं बघायचं होतं. क्रीडा मंडळं त्याला बोलवायची ती फक्त बक्षीस समारंभाला. पाहुण्याने चषक द्यायचा, खेळाडूने घ्यायचा आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायचं! असले फोटो काढून तो विटला होता. खेळ चालू असताना काढायला जावं, तर हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात खेळाडूचा नुसता धुरकट पट्टा उमटायचा.

अठ्ठ्याण्णव साली नाशिकला मुलींच्या वेटलिफ्टिंगच्या राज्य स्पर्धा भरल्या, तेव्हा त्याने लग्नातले दोन मोठे फ्लॅश उचलले आणि गॅलरीच्या कठड्याला दोन टोकांना बांधले. पंच धावत आले. मुलींच्या डोळ्यांत झगमगाट नको, म्हणाले. गोरक्षने दिवे इतके उंच चढवले, की पंचांना पुढे बोलायला काही उरलं नाही.

या दिव्यांना एक इवलासा डोळा होता. गोरक्षच्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चमकला, की तो डोळा ते पाहायचा आणि दिवाही त्याच क्षणी लखकन पेटायचा. वायर ओढायची भानगड नाही. मात्र त्या डोळ्याला मालक ओळखू येत नव्हता. कुणाचाही फ्लॅश चमकला तरी हे दिवे आपले हजर! लग्नात गोरक्ष हौशी मामा-काकांना दटावून गप्प करायचा. इथे गॅलरीत पन्नास ठिकाणचे आईबाप बसले होते आणि निम्म्यांच्या हातात कॅमेरे होते. त्यांना कोण दटावणार?

तशात नांदगावची पूजा काकळीज मंचावर आली. आईच्या पिठाच्या गिरणीत गव्हाची पोती उचलून तयार झालेली ही मुलगी. सुवर्णपदक तिच्या शेवटच्या उचलीवर अडलं होतं. तिने बार खांद्यावर घेतला, दम धरला आणि एका झटक्यात डोक्यावर नेला. हाच तो फोटो! गोरक्षने बटण दाबलं. दिवे मात्र ढिम्म. अर्ध्या श्वासापूर्वीच कुणासाठी तरी चमकून ते रिकामे झाले होते आणि आता कुंई कुंई करत पुन्हा भरत होते. ते भरेपर्यंत पूजाने बार खाली टाकला होता. गोरक्षने मनातल्या मनात अख्ख्या गॅलरीचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई स्टुडिओचा जिना चढून आल्या. जाडजूड हात, केसांत अजून थोडं पीठ.

"भाऊ, मी पूजाची आई, सिंधुबाई. पोरीचे फोटो हायेत यात. गाडी सुटायच्या आत धुऊन देता का?" त्यांनी प्लास्टिकच्या कॅमेऱ्यातून निघालेला रोल पुढे केला.

रोल धुऊन निघाला आणि गोरक्ष बघतच राहिला. पूजा, डोक्यावर बार, ताठ हात, फुललेला चेहरा, कपाळावरचा घामसुद्धा मोजून घ्यावा असा. दोन्ही बाजूंनी पडलेला उजेड त्याने लगेच ओळखला. स्वतःची म्हैस माणूस बाजारात ओळखतो, तसा. दिवे रिकामे करणारी हीच ती बाई!

पूजाचा फोटो मिळेल का म्हणून पेपरवाल्यांचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. गोरक्षचं मन वळवळायला लागलं. त्याने मोहिनीला गाठलं.

"उजेड माझा, रोल धुतला मी. बाईंनी फक्त बोट दाबलं. नाव कुणाचं लावायचं?"

मोहिनी भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "उजेडावरनं नाव लावायचं असेल तर एकलहऱ्याचं लावा. वीज तिकडनंच येते."

गोरक्षने पेपरला फोन करून बाईंचं नाव सांगितलं. फोटो छापून आला आणि खाली नाव होतं सिंधुबाई काकळीज यांचं. नांदगावात गिरणीवर ते कात्रण लागलं, लोक त्यांना फोटोवाल्या बाई म्हणू लागले आणि दळणाला येणारी माणसं रांगेत उभं राहून त्यांच्याकडून फोटोग्राफीचे सल्ले घेऊ लागली. गोरक्षला हे ऐकून हसू यायचं, पण आत कुठेतरी कुसळ टोचत राहायचं. हे खरं सांगायलाच हवं.

पुढे पाच वर्षांनी त्याने रेडिओवर चालणारा रिमोट ट्रिगर मागवला. काडेपेटीएवढी एक डबी कॅमेऱ्यावर, तसल्याच दोन डब्या दिव्यांवर. आता दिवे फक्त गोरक्षचं ऐकणार होते. बाकीच्यांनी हवे तेवढे फ्लॅश उडवावेत! नव्या नवरदेवाच्या ऐटीत तो पुन्हा नाशिकला भरलेल्या राज्य स्पर्धेला गेला. पूजाची ती शेवटची राज्य स्पर्धा होती. नंतर लग्न ठरलं होतं, सासर सटाण्याला.

पूजाच्या पहिल्या दोन्ही उचली बाद झाल्या. उरली एकच. तेवढ्यात वरून हाक आली.

"गोरखभाऊ!" सिंधुबाई उजव्या दिव्याजवळ कठड्याला रेलून उभ्या होत्या. हातात तोच प्लास्टिकचा कॅमेरा. "तुमचे दिवे आज माझ्यावर रुसले का? मी इतक्यांदा दाबलं, एकदा बी पेटले नाय."

गोरक्ष चपापला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता गं बया! एवढी वीज चमकायची, मी काय आंधळी हाय? माझ्या कॅमेऱ्याचा उजेड हा एवढुसा. तुमच्या उजेडात मी आपली हात धुऊन घेत होते. पेपरात माझं नाव बघून लाजले होते मी. तुम्ही बोलला नाय, म्हणून मी बी नाय बोलले."

ध्वनिक्षेपकावर पूजाचं नाव पुकारलं गेलं. दोन्ही दिवे पेटले तर आज त्याचा फोटो ठरलेला होता. इतक्या वर्षांचा हट्ट, आणि पूजा पुन्हा या मंचावर येणार नव्हती. पण ती सिंधुबाईंसाठीही पुन्हा येणार नव्हती. तो धापा टाकत गॅलरीचा जिना चढला, उजव्या दिव्यावरची डबी उपटून खिशात घातली आणि जुन्या डोळ्याचं बटण चालू केलं.

"हा तुमचा," तो म्हणाला. "फक्त आत्ताच उडवू नका, बार वर गेल्यावर दाबा. आणि आजूबाजूच्यांना आवरा."

"त्यांच्याकडं मी बघते," सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारपाजारच्यांकडे असं बघितलं, की तिघा-चौघांनी कॅमेरे मांडीवर ठेवले.

गोरक्ष खाली पोचतो न पोचतो तोच पूजाने बार उचलला. खांद्यावर आला, थांबला, थरथरला आणि वर गेला. उजवा दिवा लखकन चमकला. त्याच्या पाठोपाठ गोरक्षने बटण दाबलं आणि एकटा डावा दिवा चमकला. पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले, उचल मान्य झाली. वर गॅलरीत सिंधुबाई ओरडत होत्या, रडत होत्या आणि नाचतही होत्या. खाली गोरक्ष डोळे पुसत उभा होता आणि फोटो अर्धवट आला असणार हे त्याला ठाऊक होतं.

पेपरने तो तसाच छापला. पूजाचा एक हात आणि अर्धा चेहरा उजळलेला, दुसरी बाजू काळोखात. खाली, शेवटी एकदाची, 'छाया : गोरक्ष धनवटे'. मोहिनीने शेजारीपाजारी पेढे वाटले.

नांदगावच्या गाडीच्या आधी सिंधुबाई पेपर घेऊन स्टुडिओचा जिना चढून आल्या. चष्मा पुढेमागे करत त्यांनी फोटो पुन्हा पुन्हा न्याहाळला.

"फोटो झ्याक हाय, भाऊ. पण माझी पोर अर्धीच दिसती की. बाकीची अर्धी कुठं गेली?"

"ती तुमच्या रोलमध्ये असणार, ताई."

सिंधुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून रुमालात गुंडाळलेला रोल काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"मग धुवा लवकर," त्या म्हणाल्या. "गाडी गेली तर जाऊ दे."