दुसऱ्यांच्या बिबड्या

आमच्या अमळनेरकडच्या गावात उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारीचा घाटा पहाटे शिजवायचा, गच्चीवर ओल्या कापडावर हाताने थापायचा आणि ऊन तापायच्या आत मोकळं व्हायचं. हे एकटीचं काम नव्हे. आज शेजारीण आपल्याकडे आली, की उद्या आपण तिच्याकडे जायचं. मला या कामाचा मनापासून कंटाळा. आई उठवायला आली की मी डोक्यावरून पांघरूण ओढून घेई.

त्या वर्षी मात्र मला काय झालं होतं कोण जाणे. बी.एस्सी.चा संख्याशास्त्राचा पेपर दोनदा राहिला होता. या खेपेला निघाला तर पुढे शिक, नाहीतर पुरे, असं वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं. मला शिकायचंच होतं. तरी मी रोज पहाटे उठून गल्लीतल्या कुणा ना कुणाच्या गच्चीवर जाऊन बसे.

"तुनी परीक्षा कव्हय शे?" एखादी काकू विचारी.

"अजून टाईम शे," मी म्हणे आणि पुढची बिबडी थापायला घेई.

पाच घरी मी गेले, म्हणून पाचही घरच्या बायका आमच्याकडे आल्या, त्याही पेपरच्या आदल्या दिवशी. तो वार मीच त्यांना सांगितला होता. का सांगितला, ते आजही मला सांगता येत नाही. त्यांना बघून हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. दुपारी पुस्तक घेतलं, तर हात दुखतात म्हणून झोपले.

सकाळी एसटीला निघताना आईने हातावर दही दिलं. "नापास व्हयनी ते सांगजो, बिबड्यासमुये टाईम नही भेटना," ती शांतपणे म्हणाली. ती मला सांभाळून घेत होती की तिने मला पुरतं ओळखलं होतं, मला उमगेना.

निकाल लागला, पेपर सहा मार्कांनी राहिला. त्या रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, "अभ्यास करा व्हता ना?"

आईने दिलेली सबब ओठांवर आली होती. पण ती समोरच भाकरी वाढत होती, तिच्यादेखत ते बोलवेना.

"पुस्तकच नही उघडं," मी म्हणाले.

वडिलांनी घास ताटात ठेवला. "मंग शिकानं कोनले व्हतं?"

"मले," मी म्हणाले, आणि ते माझं मलाच खरं वाटेना.