शेवटपर्यंत ऐकवा

त्याने माझा आवाज भिंतीवरच्या स्पीकरवर लावला. काचेची मीटिंग रूम, नुकत्याच धुतलेल्या गालिच्याचा ओला वास, टेबलावर डोनट्सचा उघडा खोका. दर शुक्रवारी आमच्याकडे कुणाचा तरी एक फोन असा सर्वांसमोर ऐकवतात आणि त्याला गुण देतात. त्या दिवशी माझा होता. माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' खोलीभर फिरले. कुणीतरी हसलं. मध्येच त्याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि फोन कसा घेऊ नये याचा हा नमुना, असं इंग्रजीत जाहीर केलं. मग माझ्याकडे झुकून, हसत, मराठीत:

"तुमच्याकडे सवलतींची सवयच असते ना, म्हणून तुला लगेच कळवळा येतो. जोक करतोय गं."

तुमच्याकडे.

तो माझा मॅनेजर. पुण्याचा. इथे परदेशात, आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला सगळे दादा म्हणतात. मीही म्हणत असे. पहिल्याच भेटीत त्याने माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग नागपुरातली वस्ती. तिथे त्याचे प्रश्न संपले होते.

आमची संस्था इथल्या राज्य सरकारने उभी केलेली. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते आम्ही गोळा करतो. अडचणीत आलेला माणूस फोन करतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन वाटा असतात. हप्ते काही महिने थांबवणं, ही पहिली. एक बटण, फोन संपला. व्याज मात्र थांबत नाही. ते न बोलता वाढत राहतं आणि मुद्दलाला चिकटतं. दुसरी वाट म्हणजे उत्पन्न पाहून हप्ता ठरवून घेणं. तो त्या माणसाचा हक्क आहे. पण समजावायला वेळ लागतो, आणि आम्हाला गुण मिळतात ते फोन लवकर संपवल्याचे.

त्या फोनवरची बाई वृद्धाश्रमात आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी. तिच्यामागे वॉशिंग मशीन धडधडत होतं. प्रत्येक शब्दाआधी ती श्वास घेई, परवानगी मागावी तसा. हप्ते पुन्हा थांबवा, एवढंच तिचं मागणं. दरवेळी तिला तेवढंच दिलं गेलं होतं. मी तिला दुसरी वाट सांगितली. सावकाश. सगळी.

त्याच्या जोकवर खोली हसत होती. मराठी न कळणारेही, त्याचा चेहरा बघून. माझ्या जिभेवरची डोनटची साखर आंबली. शाळेत स्कॉलरशिपवाल्यांना वेगळं उभं करून आमची नावं वाचली जात. तेव्हा मागच्या बाकांवरून येणारं हसू हेच होतं. इथे त्या हसण्याने फक्त इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी उभी राहिले. त्याचं वाक्य इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. 'तुमच्याकडे' म्हणजे माझ्या जातीकडे, हेही सांगितलं. हसणं विझलं.

"अगं, हे इथे कशाला?" तो पुटपुटला.

मी इंग्रजीतच म्हटलं, "रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकवा."

त्याचा हात हलला नाही. माझ्या शेजारच्या डेनिसने बटण दाबलं. वॉशिंग मशीनची धडधड आली. मशीन थांबलं. मग त्या बाईचा आवाज:

"इतकी वर्षं मला हे कुणीच का सांगितलं नाही?"

त्यानंतर डोनटला कुणी हात लावला नाही.

सोमवारी मला लेखी ताकीद मिळाली, फोन लांबवल्याबद्दल. त्याच्या वाक्याला गैरसमज म्हटलं गेलं. मंडळातल्या एका काकूंनी समजावलं, घरातली गोष्ट गोऱ्यांसमोर काढू नये. कुठलं घर, काकू? त्या घरात मला कुठे बसवलं होतं?

आमचा प्रत्येक फोन एका सूचनेने सुरू होतो: हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. ते वाक्य मी पूर्वी घाईघाईत उरकत असे. आता मी ते सावकाश, स्पष्ट उच्चारते. आणि लगेच पुढचं: हप्ते थांबवण्याआधी तुमचा हक्क ऐकून घ्या. माझ्याच 'व्ही'त, माझ्याच 'डब्ल्यू'त.

काढायचं असेल तर काढा मला. पण त्याआधी यातला प्रत्येक फोन तुम्हाला ऐकावा लागेल. शेवटपर्यंत.