खवलेशेठांची गळकाठी

मासळीबाजारात त्याला सगळे खवलेशेठ म्हणत. शेठ कसला डोंबलाचा! शेवटच्या ओट्यावर उभं राहून दुसऱ्यांनी विकलेले मासे साफ करून द्यायचे, एवढाच त्याचा धंदा. पण हात असा चालायचा की गिऱ्हाईक बायका पिशवी विसरून बघत राहायच्या. बायको गेली तेव्हा लेक नुकती बोलायला लागली होती. तिला त्याने त्याच ओट्याच्या जिवावर वाढवली, शिकवली, बँकेतल्या नोकरीपर्यंत पोचवली. आणि लेकीने होणाऱ्या सासऱ्यांना काय सांगावं? "आमच्या बाबांना माशांचा फार नाद आहे."

सासरे डोळ्यांचे डॉक्टर. दर रविवारी नदीवर जाऊन माशी टाकून मासे धरायचे. माशी म्हणजे खरी नव्हे हो, गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर अलगद उतरवायची आणि मासा फसतो का ते बघायचं, असा तो श्रीमंती खेळ. डॉक्टर एकदम खूश. "वा! व्याही आमच्याच पंथातले निघाले की! येत्या रविवारी आणा त्यांना."

आता आली का पंचाईत! खवलेशेठने जन्मात हजारो मासे कापले, पण पाण्यातून एकही वर काढला नव्हता. तरी तो हो म्हणाला. त्याला एकच हवं होतं. लग्नात लेकीच्या शेजारी उभं राहायचं आणि चार माणसांनी म्हणायचं, हा मुलीचा बाप. त्यासाठी तो नदीत काय, विहिरीतही उतरला असता.

गळकाठ्यांच्या दुकानाच्या दारातच लेकीने त्याचे हात हुंगले.

"लिंबू लावलं होतं ना?"

"दोनदा."

"तरी वास येतोच. खिशात ठेवा हात."

आत भिंतभर काठ्या उभ्या होत्या. विक्रेत्याने विचारलं, "काका, किती नंबरची वापरता?"

खवलेशेठला वाटलं, बुटाचा विचारतोय. "नऊ," त्याने ठणकावून सांगितलं.

"नऊ? अहो, नऊ नंबरने समुद्रातली धूडं ओढतात!"

"बाबा ना, मस्करी करतात," लेक हसली आणि तिने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

विक्रेता मात्र भला माणूस. त्याने काय ते ओळखलं आणि दाखवलं नाही. "नवख्या माणसाला मी काय सांगतो, ऐका," असं म्हणत त्याने कुणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसं सगळं समजावलं. काठी पाच नंबरची, नऊ फुटी, चार तुकड्यांत निघणारी. दोरीही पाच नंबरचीच आणि तरंगणारी, कारण माशीला वजनच नसतं, फेकायची असते ती दोरी. तिच्या टोकाला माशाला दिसणार नाही असा बारीक तंगूस, नायलॉनचा धागा. दोरी गुंडाळायचं रीळ साधं चालेल, त्यावर उगाच खर्च नको. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, आणि तिच्यावर पट्टा घट्ट आवळायचाच, नाहीतर पाय घसरला की आत पाणी भरतं आणि माणूस दगडासारखा बुडतो. अंगात सुती काही नको, ओलं झालं की वाळत नाही आणि हाडं गारठतात. टोपी हवी, काळा चष्मा हवा, म्हणजे पाण्यातलं दिसतं आणि गळ उलटा आला तर डोळा वाचतो.

खवलेशेठ कान टवकारून ऐकत होता. लेकीने तेवढ्यात लालभडक जाकीट उचललं. "हे घ्या. फोटोत उठून दिसेल."

"माशालाही दिसेल, ताई," विक्रेता म्हणाला. मग चिखलाच्या रंगाचं घेतलं. ढीगभर खिशांचा बिनबाह्यांचा कोट आणि दोरी कापायला छोटा चाकू लेकीने स्वतःच्या पसंतीने घेतला. सगळं चढवून तो आरशासमोर उभा राहिला, तेव्हा तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आत्ता कसे माणसासारखे दिसताय," ती म्हणाली. त्याला ते कौतुक वाटलं. बापाची जात, दुसरं काय!

चार दिवस तो बाजार उठल्यावर ओल्या फरशीवर दोरी फेकायला शिकत होता. एकदा दोरी छताच्या पंख्यात गेली, एकदा स्वतःच्याच कानात. कोळणी हसून हसून बेजार. "काय खवलेशेठ, धंदा नाही म्हणून माश्या मारताय वाटतं?"

"मारत नाही गं, पाळतोय!" तोही हसला.

रविवारी नदीवर डॉक्टर होते, काठावर घडीच्या खुर्चीत विहीणबाई, बाजूला होणारे जावई. लेक फोटो काढत होती. खवलेशेठ पट्टा आवळून पाण्यात उतरला. पहिल्या दोन फेकी वाया गेल्या. तिसरीला काय झालं कोण जाणे, माशी अगदी मऊ उतरली आणि पाणी फुटलं. मासा! चांगला हातभर!

"व्याही, जिंकलात!" डॉक्टर ओरडले. त्यांनी जाळी पुढे धरली, मासा आत आला. "बघा, म्हातारीच आली! काय नशीब हो तुमचं! चला, आता मोकळा करा."

हा शब्द खवलेशेठ उभ्या आयुष्यात एकाच अर्थाने ऐकत आला होता. बाजारात मासा मोकळा करायचा म्हणजे पोट फाडून आतलं काढायचं. दिवसातून शंभरदा बायका तेच सांगायच्या. त्याचा अंगठा कल्ल्यात गेला, खिशातला चाकू दुसऱ्या हातात आला, एक चीर, बोटाचा एक झटका, आणि आतडी नदीतून वाहत गेली. डॉक्टरांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. आणि वर त्याने मान न उचलता, नेहमीच्या सुरात विचारलं, "तुकडे करू, की अख्खा देऊ?"

विहीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला आणि त्या रडायला लागल्या. त्या मासळीला ही मंडळी सहा वर्षं धरत होती आणि दर वेळी पाण्यात सोडून देत होती. म्हातारी हे नाव विहीणबाईंनीच ठेवलं होतं.

"तुम्ही मासे विकता?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"साफ करतो. बाजारात."

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. "मग आम्हाला असं का सांगितलंस? धंद्यात कसली लाज? खोटेपणाची मात्र मला चीड आहे."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. खवलेशेठला ते बघवेना. रक्ताळलेले हात तसेच धरून तो म्हणाला, "तिचा दोष नाही, साहेब. मीच तिला खोटं बोलायला लावलं. मलाच लाज वाटत होती."

एवढं बोलून त्याने लेकीकडे पाहिलं. ती आता 'नाही हो बाबा' म्हणेल, निदान गप्प तरी राहील, असं त्याला वाटलं.

"मी कितीदा सांगितलं यांना," लेक म्हणाली, "की खरं सांगा म्हणून. ऐकतच नाहीत."

डॉक्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे, पोरी. आईबाप काही आपण निवडत नाही." विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं. कापलेला मासा कुणीच हातात घेईना, म्हणून खवलेशेठने तो झुडपाखाली नेऊन ठेवला आणि हात धुतले.

परतताना लेकीने गाडीच्या चारही काचा खाली केल्या. गाव दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, लग्नाच्या दिवशी तुमची तब्येत बिघडली असं सांगू या. त्या लोकांत तुम्हालाही अवघडल्यासारखंच होईल."

खवलेशेठला ओरडावंसं वाटलं, गाडीतून उतरावंसं वाटलं. पण वीस-पंचवीस वर्षं पोरीला नाही म्हणायची सवयच नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "कधीपासून आजारी पडू?"

"आदल्या संध्याकाळपासून. आणि सकाळी फोन नका करू हं, आम्ही घाईत असू."